'इन्सेल': एका शब्दाचा अर्थप्रवास

शब्दांचे अर्थ पालटतात, ही भाषाभ्यासकांस नवलाची गोष्ट नाही. परंतु सांत्वनासाठी घडविलेला शब्द पंचवीस वर्षांच्या आत द्वेषाचा ध्वज व्हावा, असे उदाहरण विरळाच. 'इन्सेल' हा इंग्रजी शब्द त्यांपैकी एक होय. समाजमाध्यमांच्या आश्रयाने स्त्रीद्वेष हिंसेपर्यंत कसा पोचतो, हे त्याच्या इतिहासात टप्प्याटप्प्याने दिसते.

१९९७ च्या सुमारास कॅनडातील टोरांटो येथील एका तरुणीने इंटरनेटवर एक संकेतस्थळ काढले. इच्छा असूनही ज्यांना जोडीदार लाभत नाही अशा स्त्री-पुरुषांनी आपले दुःख परस्परांस सांगावे, हा तिचा हेतू. 'अनिच्छेने ब्रह्मचारी' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे आद्यांश जोडून हे नाव सिद्ध झाले. तेव्हा ते केवळ एका अवस्थेचे वाचक होते. पुढे ती तरुणी तेथून दूर झाली. शब्द मात्र पुरुषांच्या स्वतंत्र गटांत रुजला आणि अवस्थावाचकाचा जातिवाचक बनला. 'मी सध्या एकाकी आहे' या विधानात उद्याची आशा शिल्लक असते. 'मी इन्सेल आहे' यात ती उरत नाही.

जात ठरली की शत्रूही ठरतो. या गटांत देखण्या पुरुषास 'चॅड' व देखण्या स्त्रीस 'स्टेसी' म्हणतात. विशेषनाम सामान्यनाम होते आणि व्यक्ती नाहीशी होते. याहून बोलका शब्द 'फीमॉइड'. त्यातील 'ऑइड' हा प्रत्यय सादृश्य दाखवितो. अर्थात स्त्री माणूस नव्हे, माणसासारखे काहीतरी. तिच्यासाठी निर्जीवांचे 'इट' हे सर्वनामही योजिले जाते. मराठीत प्रौढ स्त्रीविषयी 'ते आलं' म्हटल्यास त्यातील तुच्छता कोणासही जाणवेल. येथे ती तुच्छताच व्याकरणाचा नियम झाली आहे.

असली परिभाषा एखाद्या कट्ट्यावरही निपजली असती. पण कट्ट्यावरचे बोलणे तेथेच विरते. समाजमाध्यमाची यंत्रणा ज्या मजकुरास अधिक प्रतिक्रिया मिळतात, तो अधिकांपुढे मांडते. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या क्रमवारीत संतापदर्शक चिन्हास पसंतीच्या चिन्हाच्या ५ पट वजन होते, हे २०२१ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसते. अशा व्यवस्थेत सौम्य शब्द मागे पडतो, आणि नवागतास जहाल शब्दच गटाची प्रमाणभाषा वाटू लागतो.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे एका तरुणाने ६ जणांची हत्या केली; स्त्रियांवरील सूडाची भाषा त्याने चित्रफितींतून आधीच उच्चारली होती. या गटांत पुढे तो 'संत' ठरला. २३ एप्रिल २०१८ रोजी, शब्दाच्या जन्मस्थानी टोरांटोतच, एकाने पादचाऱ्यांवर गाडी घालून १० जणांस ठार केले. जखमींपैकी एक स्त्री २०२१ मध्ये मरण पावली. तत्पूर्वी त्याने फेसबुकवर 'इन्सेलांचे बंड' सुरू झाल्याची घोषणा करून आधीच्या मारेकऱ्याचा गौरव केला होता. २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्रसिद्धीची हाव हा त्याचा प्रमुख हेतू मानला. परंतु कोणत्या शब्दांनी प्रसिद्धी मिळेल, हे त्यास ठाऊक होते, ही गोष्ट कमी गंभीर नाही.

हा शब्द मिरविणारे बहुसंख्य लोक हिंसा करीत नाहीत, हे विसरता कामा नये. तथापि, नोव्हेंबर २०१७ मध्ये रेडिटने यांचा मोठा गट बंद केला, तेव्हा मंडळी अन्यत्र गेली आणि आपला शब्दसंग्रह बरोबर घेऊन गेली. गट बंद करता येतो; परिभाषा तशी बंद करता येत नाही. म्हणून एखाद्या मुलाच्या तोंडी असा शब्द येताच त्यास दटावण्यापूर्वी, त्यामागील एकाकीपणा सांगण्यास त्याच्यापाशी दुसरा शब्द आहे काय, हे शिक्षकाने व पालकाने पाहणे अगत्याचे आहे.