विश्लेषण : जुन्या मिक्सरमधली खरखर येते कुठून? ती घालवण्यासाठी अर्थिंगची पिन का तोडू नये?

जुना ॲनालॉग मिक्सर घेतला की सगळे आयसी आणि कपॅसिटर बदलून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. पण आवाज नेमका कुठे तयार होतो हे न शोधता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो. आणि ‘हम’ घालवण्याचा एक फुकटचा उपाय तर थेट जिवावर बेतू शकतो.

सगळे फेडर खाली, एकही माईक जोडलेला नाही, तरी हेडफोन कानाला लावला की पावसाची झड लागल्यासारखा ‘श्श्श’ आवाज. त्याखाली विजेच्या डीपीजवळ ऐकू येते तशी घरघर. मध्येच एखादे बटण दाबले तर ‘खर्र’. जुन्या मिक्सरच्या नव्या मालकाचा पहिला दिवस साधारण असाच जातो. मग शोधाशोध होते, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ फेरी होते, शंभरेक आयसी पिशवीत येतात. महिनाभर सोल्डरिंग चालते आणि ‘श्श्श’ होता तिथेच राहतो. असे का होते?

जुन्या मिक्सरचा एवढा सोस कशाला?

याचे एक उत्तर लॉस एंजेलिसच्या साऊंड सिटी स्टुडिओत मिळते. तिथे १९७३मध्ये बसवलेल्या नीव्ह ८०२८ या मिक्सरवर फ्लीटवूड मॅकपासून निर्वाणाच्या १९९१च्या ‘नेव्हरमाइंड’पर्यंत अनेक गाजलेले अल्बम ध्वनिमुद्रित झाले. २०११मध्ये या स्टुडिओचे व्यावसायिक काम थांबले, तेव्हा निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोहल याने तो मिक्सरच विकत घेऊन स्वतःच्या स्टुडिओत नेला आणि २०१३मध्ये त्यावर ‘साऊंड सिटी’ हा माहितीपट काढला. ट्रान्सफॉर्मर आणि सुट्या ट्रान्झिस्टरच्या त्या सर्किटमधून जाणाऱ्या आवाजाला स्वतःचा पोत असतो, असे मानणारे लोक जगभर आहेत.

आपल्याकडे नीव्ह कुणाच्या वाट्याला येणार? येतो तो ऐंशीच्या दशकातला साऊंडक्राफ्ट, यामाहा किंवा टास्कॅम. बंद पडलेल्या स्टुडिओतून, नाहीतर निवृत्त झालेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून. यातल्या अनेक मोठ्या मिक्सरचा खरा फायदा पोत-बित नसून वेगळाच आहे. त्यांच्यात प्रत्येक चॅनलचे कार्ड वेगळे असते, सुटे भाग डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात आणि साध्या सोल्डरगनने काढता येतात. आजच्या स्वस्त डिजिटल मिक्सरचा मुख्य बोर्ड गेला की तो बहुतेक वेळा बदलावाच लागतो. जुना मिक्सर दुरुस्त होतो.

कुठला आवाज कशाचा?

‘नॉइज’ हा एकच शब्द वापरल्यामुळे बराच गोंधळ होतो. खरे तर हे वेगवेगळे आजार आहेत आणि कान थोडा तयार असेल तर मिक्सर न उघडताही निदान अर्धे होते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे घरघर ५० हर्ट्झची असेल तर संशय अर्थिंगच्या वेटोळ्यावर किंवा एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर घ्यायचा. ती १०० हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायवर, कारण रेक्टिफायरमधून गेल्यावर विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला येतात आणि वारंवारिता दुप्पट होते. मिक्सरचा आउटपुट संगणकात रेकॉर्ड करून ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम पाहिला की हा फरक मिनिटभरात समजतो. नाट्यगृहात दिवे मंद केल्यावर वाढणारी झणझण डिमरची. फोन वाजण्याआधी येणारे ‘टिर्र-टिटिर्र’ टू-जी नेटवर्कवरच्या मोबाइलचे, कारण तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे ठोके सोडतो. नॉब फिरवतानाच येणारी खरखर एक तर घाणीची असते किंवा गळक्या कपॅसिटरमुळे नॉबवर पोहोचलेल्या डीसी व्होल्टेजची. घाण असेल तर साफ केल्यावर ती जाते. डीसी असेल तर दोन दिवसांत परत येते.

उरतो तो ‘श्श्श’. त्यातला काही भाग कुणालाच काढता येत नाही. कुठल्याही रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीतून सूक्ष्म व्होल्टेज तयार होते. बेल लॅब्जमधल्या जॉन जॉन्सन यांनी ते मोजले आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे शोधनिबंध १९२८मध्ये प्रसिद्ध झाले. हे गणित २०० ओहमच्या माईकला लावले तर नेहमीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे पाव मायक्रोव्होल्ट येतात. ध्वनितंत्रज्ञांच्या भाषेत उणे १२९.६ डीबीयू (०.७७५ व्होल्ट म्हणजे शून्य डीबीयू). कितीही पैसे ओतले तरी त्या माईकचा आवाज याखाली जात नाही. जुन्या पण धडधाकट प्रीॲम्पचा आकडा उणे १२५च्या आसपास असेल, तर सुधारणेला जागा उरते जेमतेम साडेचार डेसिबल.

सगळे आयसी बदलूनही फरक का पडत नाही?

समजा हाच उणे १२५ डीबीयूवाला प्रीॲम्प आहे आणि गायकाचा माईक ६० डेसिबलने वाढवला आहे. प्रीॲम्पचा आवाजही तेवढाच वाढतो आणि बाहेर उणे ६५ डीबीयूवर येतो. पुढच्या सगळ्या सर्किटचा आवाज उणे ८० आहे असे धरू. दोन्हींची बेरीज येते उणे ६४.९. आता पुढचे झाडून सगळे आयसी बदलले आणि चमत्कार होऊन त्यांचा आवाज शून्य झाला, तरी फायदा सुमारे ०.१४ डेसिबलचा. तो कुठल्याही कानाला कळणार नाही. साखळीतली पहिली कडी सगळ्यांत मोठा आवाज करत असेल, तर पुढच्या कड्या घासूनपुसून लख्ख करण्यात अर्थ नसतो.

उलट परिस्थिती येते मिक्सिंगच्या वेळी. चोवीस ट्रॅक लाइन पातळीवर आत येतात, कुठेच फारसे वाढवलेले नसतात आणि सगळे एका बसवर एकत्र होतात. ही ‘बस’ म्हणजे सगळ्या चॅनलचे आवाज जिथे मिसळतात ती तार. तिच्या टोकाला बसलेला ऑप-अँप संगीत आहे तेवढेच पुढे पाठवतो, पण स्वतःचा आवाज मात्र चॅनलच्या संख्येत एक मिळवून तितक्या पटींनी वाढवतो. चोवीस चॅनल असतील तर २५ पट, म्हणजे २८ डेसिबल. त्या जागी जुना टीएल०७२ असेल तर बसचा आवाज सुमारे उणे ८२ डीबीयू भरतो. तिथे एनई५५३२ बसवला तर तो उणे ९२च्या जवळ जातो. दहा डेसिबलचा फरक, तोही डाव्या-उजव्या बसचे मोजके आयसी बदलून. शंभर नाही.

या अदलाबदलीलाही पथ्ये आहेत. टीएल०७२ सुमारे २.८ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेतो, एनई५५३२ सुमारे ८. मिक्सरभर शंभर आयसी बदलले की पॉवर सप्लायवरचा भार २८० वरून ८०० मिलिअँपिअरवर जातो. तीस-चाळीस वर्षे जुना रेग्युलेटर त्यात भाजून निघतो आणि ‘श्श्श’ घालवायला गेलेला माणूस घरघर घेऊन परततो. शिवाय एनई५५३२च्या इनपुटमधून थोडा डीसी प्रवाह वाहतो. टीएल०७२मध्ये तो जवळपास नसतोच. त्यामुळे आयसी थेट नॉबला जोडलेला असेल तर आधी शांत असलेला नॉब नव्याने खरखरू लागतो. मध्ये कपॅसिटर टाकल्याशिवाय तिथे हात लावू नये. नवे, वेगवान आयसी जुन्या बोर्डावर ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर थरथरूही लागतात. त्यासाठी प्रत्येकाच्या सप्लायच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लागतो.

बाजारात वरचे अक्षर खरवडून नवे नाव छापलेले आयसीही मिळतात. एनई५५३२ म्हणून घेतलेला आयसी दोन-तीन मिलिअँपिअरच घेत असेल तर दाल में कुछ काला है. ही चाचणी साध्या मल्टिमीटरने होते.

मग आधी काय बदलायचे?

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षे सुकत जातो. ‘८५ अंश, २००० तास’ असे ज्याचे आयुष्य कंपनी सांगते, त्याच्याबाबत ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. डब्यातले तापमान ४५ अंश असेल तर ३२ हजार तास. रोज आठ तास वापर धरला तर ११ वर्षे. ऐंशीच्या दशकातल्या मिक्सरने ही मुदत कधीच ओलांडली आहे. सप्लायमधले पाच-सहा मोठे कपॅसिटर बदलल्यावर १०० हर्ट्झची घरघर अनेकदा तिथेच संपते. नवा कपॅसिटर उलटा बसला तर फुटतो, हे वेगळे सांगायला नकोच. परदेशातून आलेला मिक्सर असेल तर मागचा व्होल्टेजचा खटका आधी पाहावा. अमेरिकेच्या ११७ व्होल्टवर तो राहिला असेल तर आपले २३० व्होल्ट पुढची सगळी चर्चाच संपवतात.

त्यानंतर संपर्क. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत राहिलेल्या मिक्सरमध्ये आवाजापेक्षा काळवंडलेली बटणे आणि गंजलेले रिबन कनेक्टरच जास्त त्रास देतात. प्रत्येक कनेक्टर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवणे हे कंटाळवाणे काम आहे. पण एका पैशाचा सुटा भाग न लागता सर्वांत जास्त गुण देणारेही हेच काम. फक्त फेडरवर गंज काढायचा घरगुती फवारा मारू नये. आतले वंगण धुऊन जाते आणि फेडर कायमचा खडखडतो.

अर्थिंगची पिन तोडली की घरघर जाते, मग अडचण काय?

घरघर जाते, हे खरे आहे. म्हणून तर ही युक्ती टिकून आहे. मिक्सर एका प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल. दोन्ही अर्थिंग आणि केबलचे शील्ड मिळून एक बंद वेटोळे तयार होते, त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. प्लगची वरची जाड पिन काढली की वेटोळे तुटते.

पण मिक्सरचा धातूचा डबा आता जमिनीशी जोडलेला नसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटले, किंवा मांडवात पावसाने केबल भिजली, तर २३० व्होल्ट डब्यावर येतात आणि तिथून माईकच्या जाळीपर्यंत पोहोचतात. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. चार वर्षांनी, १९७६मध्ये, यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ याचा घरी गिटार वाजवताना अर्थिंगच्या दोषामुळेच मृत्यू झाला.

वेटोळे तोडायचे ते ऑडिओच्या बाजूला. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा किंवा ग्राऊंड लिफ्टचा खटका असलेला डीआय बॉक्स लावावा. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवले तर अनेकदा तेही लागत नाही.

दोष मिक्सरच्या आतही असू शकतो. जुन्या अनेक मिक्सरमध्ये केबलचे शील्ड, म्हणजे एक्सएलआर सॉकेटची पहिली पिन, डब्याला न जोडता सर्किट बोर्डच्या ग्राऊंडला जोडलेली असते. मग शील्डवरचा बाहेरचा प्रवाह थेट प्रीॲम्पच्या नाजूक ग्राऊंडमधून वाहतो. नील मन्सी यांनी १९९५मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा ‘पिन वन’चा घोळ सविस्तर मांडला आणि २००५मध्ये सोसायटीने त्यावर एईएस४८ हे मानकच काढले. उपाय वीतभर तारेचा : प्रत्येक सॉकेटची पहिली पिन तिथल्या तिथे डब्याला जोडायची आणि बोर्डाच्या ग्राऊंडपासून सोडवायची. बोर्डाचे ग्राऊंड डब्याला एकाच ठिकाणी, पॉवर सप्लायजवळ भेटवायचे.

ही दुरुस्ती करणाऱ्याने मिक्सर बंद करून, प्लग काढून, सप्लायचे मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. काम झाल्यावर प्लगची अर्थ पिन आणि मिक्सरचा डबा यांच्यामधला रोध मोजावा. तो एखाद्या ओहमच्या आत यायला हवा. जिथे कार्यक्रम आहे तिथल्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे माईक लावण्याआधी पाहावे. नसेल तर मंडप डेकोरेटरकडे तो मागावा.