घरचा कारखाना

कोल्हापुरात चपला बनविणाऱ्या कारागिरांच्या गल्लीतून सकाळी जाऊ लागले, की हातोडीची ठकठक कानी पडते. ओसरीवर वडील रापीने कातडे कापीत असतात. थोरला मुलगा चामड्याच्या वादीने तळ शिवीत असतो. आई पट्ट्यांसाठी नाजूक वेण्या घालीत असते. जे राहते घर, तोच कारखाना. जे कुटुंब, तेच मालक व तेच कामगार.

अशा घरगुती उद्योगाचे सामर्थ्य कशात असते? त्याची विद्या हातात असते. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे तळास योग्य की पट्ट्यास, हे कारागीर नुसत्या स्पर्शाने ओळखतो. मुले हे ज्ञान वडिलांच्या शेजारी बसून मिळवितात. मग असा उद्योग सहजासहजी वाढत का नाही?

पहिली अडचण भांडवलाची. कातडे रोख पैसे देऊन आणावे लागते; तयार माल मात्र पुष्कळदा उधारीवर द्यावा लागतो. समजा, नेहमी दहा जोड घेणाऱ्या व्यापाऱ्याने शंभर जोड मागितले. वार्ता आनंदाची खरी. परंतु कातड्याचा खर्च तत्काळ दहापट होतो आणि पैसे हाती येतात काही महिन्यांनी. तोवर घर कशावर चालावे? कारागीर मग त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतो, आणि उचल घेतली की भाव ठरविण्याचा अधिकार गमावतो. अशा रीतीने मागणी वाढूनही माणूस कर्जात बुडतो.

यावर 2006 च्या कायद्याने उपाय योजला आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने, करारात अधिक मुदत लिहिली असली तरी, 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. विलंब केल्यास व्याज द्यावे लागते. परंतु गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कारागीर तक्रार करण्यास कचरतो.

दुसरी अडचण हिशेबाची. घराची व धंद्याची थैली एकच असली, तर एखाद्या आजारपणात कातड्याचे पैसे खर्च होऊन जातात. यास्तव दोहोंच्या वह्या निराळ्या हव्यात.

तिसरी अडचण नावाची. यंत्रावर केलेल्या नकली चपलाही ‘कोल्हापुरी’ म्हणून विकल्या जातात. 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांत बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरी एका विख्यात कंपनीने तशाच चपला मांडल्या. पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर त्या कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. नावाचे मोल किती, हे यावरून दिसते.

या अडचणी एकट्या कुटुंबास जड जातात. दहा कुटुंबे एकत्र आली, तर कातडे घाऊक भावाने मिळेल, मोठी मागणी वाटून घेता येईल आणि थकलेले पैसे मागताना कोणासही भ्यावे लागणार नाही.

ओसरीवरचा तो थोरला मुलगा उद्या काय करील? आपल्या श्रमाचे मोल त्यास वहीत दिसले, तर तो आनंदाने रापी हाती घेईल. न दिसले, तर तो कोठेतरी चाकरी पत्करील, आणि वडिलांच्या हातातील विद्या त्या ओसरीवरच संपेल.