एकवीस दिवसांचा हिशेब

पावसाळ्यात नृसिंहवाडीत सकाळचा पहिला प्रश्न असतो तो पाण्याचा. घाटाच्या किती पायऱ्या उरल्या, कृष्णा चढते आहे की पंचगंगा, दक्षिणद्वार सोहळा कधी होणार? नदीचे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले, की त्यात स्नान करायला लांबलांबून माणसे येतात. तेच पाणी आणखी चढले की रस्ते बंद होऊ लागतात. ज्या घरात कोणाची केमोथेरपी सुरू आहे, तिथे मग वेगळाच हिशेब सुरू होतो. पुढची तारीख गाठता येईल का?

वृषणाच्या कॅन्सरमध्ये या तारखेला फार किंमत आहे. भारतात हा आजार विरळा. दर लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहूनही कमी जणांना होतो. पण तो गाठतो ऐन तरुणांना, साधारण पंधरा ते चाळीस या वयात. नुकते लग्न ठरलेला, यंत्रमागावर पाळी करणारा, नाहीतर वडिलांच्या पाठीमागे उसाची शेती एकट्याने ओढणारा. या आजाराचे वेगळेपण असे, की तो पोटाच्या मागच्या गाठींमध्ये किंवा फुप्फुसांत पसरलेला असला तरी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. प्रौढांच्या कॅन्सरमध्ये असे फार थोड्या वेळा घडते. त्यामुळे केमोथेरपीचे तीन महिने कितीही जड गेले, तरी पलीकडे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य उभे असते.

हे नेहमीच असे नव्हते. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते दोऱ्यासारखे लांबत गेले. शोध घेतल्यावर कळले, की हे विजेचे काम नव्हे. इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनममधून सुटलेल्या संयुगांचे आहे. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध मिळाले. ते इतके ओकारी आणणारे आणि मूत्रपिंडांना इतके जड होते, की बाद होण्याच्या बेतात आले होते. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते जॉन क्लेलँड या विद्यार्थ्याला इतर औषधांच्या जोडीने दिले. त्याच्या फुप्फुसांत आजार पसरलेला होता आणि आधीचे उपचार हरले होते. फुप्फुसांतल्या गाठी विरघळल्या आणि क्लेलँड बरा झाला. १९७७ मध्ये आइनहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध प्रसिद्ध झाला, १९७८ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या आजाराचे दहातले नऊ रुग्ण दगावत. आता पसरलेल्या पण कमी धोक्याच्या गटात दहातले नऊ वाचतात.

आपल्याकडे हे औषध घराघरांत माहीत झाले असते ते युवराज सिंगमुळे, पण तेव्हा बातमी त्याच्या टक्कल पडलेल्या फोटोचीच जास्त झाली. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला हा त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. त्याची गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती. मात्र ती ज्या पेशींची होती, त्याच पेशींचा कॅन्सर वृषणात होतो, म्हणून औषधेही तीच. २०१२ च्या सुरुवातीला त्याने इंडियानापोलिसमध्ये याच आइनहॉर्न यांच्याकडे केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो भारताकडून पुन्हा खेळला. इंडियानापोलिसमध्ये मिळतात तीच तीन औषधे मिरजेत, कोल्हापुरात आणि परळच्या टाटा रुग्णालयातही मिळतात.

ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही ती तीन औषधे; मिळून त्यांना बीईपी म्हणतात. पहिले पाच दिवस रोज काही तास सलाइनमधून औषध, शिवाय आठवड्यातून एकदा ब्लिओमायसिन, आणि बाविसाव्या दिवशी पुढची सायकल. आजाराच्या पसाऱ्यानुसार अशा तीन किंवा चार सायकली, म्हणजे नऊ किंवा बारा आठवडे. इतर काही कॅन्सरमध्ये तारखा थोड्या मागेपुढे झाल्या तर चालून जाते. इथे तज्ज्ञ शक्यतो डोस कापत नाहीत आणि तारीखही हलवत नाहीत. घरात लग्न आहे, उसाला तोड आली आहे, पोरगा फार दमला आहे, ही कारणे खरी असतात. पण सायकल आठवडा-दोन आठवडे पुढे सरकत गेली, की उरलेल्या पेशींना उसंत मिळते. परतून आलेला आजार बरा करणे शक्य असते, मात्र ते काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

म्हणून पाण्याचा विचार आधीच करावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर शिरोळ तालुक्यातला माणूस विसरलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ काही दिवस बंद होता आणि सांगली शहरातही पाणी शिरले होते. जुलै-ऑगस्टमध्ये सायकल येणार असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना गावाचे नाव आणि पुराची भीती सांगावी. पाणी चढू लागले, की रस्ता सुरू असतानाच रुग्णालयाच्या गावी एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवलेला बरा. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःजवळ ठेवावी. तिच्यात गाठीच्या तपासणीचा अहवाल, रक्तातल्या मार्करचे आकडे, किती सायकली झाल्या, कोणत्या तारखांना आणि कोणत्या मात्रेत, एवढे असले तरी अडचणीत दुसरे कॅन्सर रुग्णालय पुढचे औषध देऊ शकते, कारण ही पद्धत जगभर जवळपास सारखी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार सुरू असतील, तर रुग्णालय बदलण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला सांगावे. नाहीतर मंजुरीत दिवस जातात.

औषधापर्यंत पोहोचायलाच अनेकांना उशीर होतो, हेही इथे सांगितले पाहिजे. अवघड जागेचे दुखणे असल्याने दाखवायला लाज वाटते. त्यात ही गाठ बहुधा दुखतही नाही. एका बाजूला जडपणा, एवढेच. मग हायड्रोसिल असेल, मोटारसायकलवरून मार बसला असेल, असे म्हणत महिने जातात. शिरोळ भागात कॅन्सरचा विषय निघाला की बोलणे लगेच शेतातल्या फवारणीवर आणि पंचगंगेच्या पाण्यावर येते. ती काळजी आपल्या जागी असो. या कॅन्सरचा सर्वांत पक्का ठाऊक असलेला धोका म्हणजे बालपणी खाली न उतरलेले वृषण. मोटारसायकल, घट्ट कपडे किंवा तरुणपणीच्या सवयी यांचा त्याच्याशी संबंध नाही. शंका आली तर सोनोग्राफी करावी, आणि शस्त्रक्रिया जांघेतूनच व्हावी. गाठीत सुई घालून तुकडा काढू नये.

केमोथेरपीच्या नावाने सर्वांत आधी भीती वाटते ती उलट्यांची. जुन्या काळात सिस्प्लॅटिनचा रुग्ण दिवसाला दहा-दहा वेळा ओकत असे, आणि त्याच आठवणी गावागावांत अजून सांगितल्या जातात. १९९१ मध्ये अमेरिकेत ऑनडानसेट्रॉन आले आणि चित्र बदलले. आता त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट आणि रात्री छोट्या मात्रेत ओलान्झापिन देतात. चूक होते ती एकच: मळमळ सुरू झाली की मग गोळी घ्यायची. या गोळ्या घड्याळावर घ्यायच्या असतात, मळमळ नसतानाही. पहिल्या सायकलीत फार उलट्या झाल्या, तर दुसऱ्या वेळी रुग्णालयाचे फाटक दिसताच पोट ढवळू लागते. त्यामुळे पहिल्याच खेपेला उलटी आवरणे महत्त्वाचे. दोन उलट्या झाल्या तरी त्या डॉक्टरांना सांगायच्या असतात. कोल्हापुरी घरात ताकदीसाठी पांढरा रस्सा पुढे करतात. गरम आणि ताजा असेल तर हरकत नाही, पण फोडणीच्या वासानेच जीव नकोसा होत असेल तर पेज, मऊ भात, उकडलेले अंडे थोडे थोडे द्यावे. आग्रह नको. गोळ्यांनी शौचाला त्रास होतो, त्यावरही औषध मागून घ्यावे.

खरी धास्ती उलट्यांपेक्षा तापाची बाळगायला हवी. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या दिवसांत तापमापक घरात हवाच. पारा १००.४ फॅरनहाइटवर गेला तर ती तातडीची वेळ आहे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. घरातली पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहिली, की ताप लपतो आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. आधी गावातल्या दवाखान्यात जावे लागलेच, तर फाइल दाखवून सिस्प्लॅटिन सुरू असल्याचे सांगावे. अंगदुखीवरचे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन किंवा जेंटामायसिन, अमिकासिन ही नेहमीची औषधे या काळात मूत्रपिंडांवर उलटू शकतात, आणि पुढची दोन औषधे कानांवरही.

वाडीत राहायचे आणि देवळात जायचे नाही, हे कोणाला जमणारे नाही, आणि तसे कोणी सांगूही नये. पण पांढऱ्या पेशी कमी असलेले आठ-दहा दिवस पौर्णिमेची गर्दी टाळून दुपारच्या निवांत वेळी दर्शन घ्यावे. नदीत स्नान नको, शिरेत नळी बसवलेली असेल तर मुळीच नको. नदीच्या पाण्याचे तीर्थ मस्तकाला लावावे, प्राशन करू नये. घरी उकळलेली बासुंदी चालते. उघड्यावर ठेवलेले पेढे नि कवठाची बर्फी पेशी वर येईपर्यंत थांबू शकतात. पूरग्रस्तांच्या छावणीत जावे लागले, तर रुग्णासाठी वेगळा कोपरा आणि उकळलेले पाणी मागून घ्यायला संकोच करू नये.

सिस्प्लॅटिनच्या दिवसांत भरपूर सलाइन देतात ते मूत्रपिंडे धुतली जावीत म्हणून. घरीही पाणी पीत राहावे. लघवी कमी झाली तर लगेच कळवावे. कानात घूं आवाज, बारीक आवाज ऐकू न येणे, बोटे सुन्न होणे हेही याच औषधाचे. तळपायांचा सुन्नपणा उपचार संपल्यावर काही महिने वाढूही शकतो. अशा पायांनी उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातली, तर पाय भाजलेला रात्री कळतो. ब्लिओमायसिनचा रोख फुप्फुसांवर असतो. कोरडा खोकला किंवा जिना चढताना नवा दम लागला, तर पुढच्या डोसाआधी सांगावे. विडी-सिगारेट या काळात पूर्ण बंद.

आई-वडील खोलीबाहेर गेले, की रुग्ण हळूच विचारतो: "डॉक्टर, लग्न करता येईल ना?" येईल. एक वृषण काढले तरी उरलेले निरोगी असेल तर ते हार्मोनला, संबंधांना आणि मुले होण्याला पुरते. मात्र केमोथेरपीने शुक्राणू काही काळ जवळजवळ नाहीसे होतात. बऱ्याच जणांत ते एक-दोन वर्षांत परततात, काहींत परतत नाहीत. म्हणून औषध सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येते. मोठ्या शहरांतल्या वंध्यत्व केंद्रांत ही सोय असते आणि त्याला एक-दोन दिवस पुरतात. अविवाहित मुलासमोर हा विषय घरातले काढत नाहीत, घाईत डॉक्टरांकडूनही राहून जातो. तो पहिल्या सायकलीआधी, मुलाला एकट्याला घेऊन, स्पष्ट शब्दांत निघायला हवा. पाच दिवसांनंतर उशीर झालेला असतो.

शेवटची सायकल झाल्यावर सीटी स्कॅन आणि रक्तातले एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच हे मार्कर पाहतात. पोटात गाठ उरली असेल तर काही जणांना ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळातल्या तपासण्या केसांनी डोके भरले तरी चुकवायच्या नसतात. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दुसरे वृषण हाताने तपासावे. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल पुढे दरवर्षी पाहावे. ती प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल कपाटात जपून ठेवावी. पंधरा वर्षांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया निघाली, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते, की पूर्वी ब्लिओमायसिन घेतले होते. त्यावर ते भूल देताना प्राणवायूचे प्रमाण ठरवतात.