विश्लेषण : कुंपणालगतचे गवत काढायला कोणता ब्रश कटर? ‘सीसी’च्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत सकाळपासून ब्रश कटरचा आवाज सुरू होतो. कुणी त्याला ग्रास कटर म्हणते, कुणी नुसतेच ‘मशीन’. बागेच्या मधले गवत दोन-तीन दिवसांत साफ होते. अडते ते कडेला. तारेच्या कुंपणात गुंतलेले गवत, जाळीवर चढलेले वेल, गडग्याच्या चिऱ्यांतून वर आलेली रानमोडी. इथे पाते लावून काम करणारा माणूस तारेपासून हातभर लांबच थांबतो आणि नेमका तोच हातभर पट्टा वर्षानुवर्षे माजत राहतो. दुकानात मात्र यंत्राची चौकशी ‘किती सीसी?’ या एकाच प्रश्नावर सुरू होऊन तिथेच संपते.

कुंपणालगतचा पट्टा इतका महत्त्वाचा का?

रानडुक्कर आणि माकडांच्या त्रासामुळे अनेक बागांना आणि शेतांना आता सौर झटका यंत्र बसवलेले असते. हे यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर, काही हजार व्होल्टचा झटका सोडते. ओले गवत तारेला टेकले की त्यातून थोडा प्रवाह जमिनीत उतरतो. एका पात्याने फरक पडत नाही, पण शेकडो पाती टेकली की तारेतला दाब पडतो. गवत आधी पोहोचते ते सर्वांत खालच्या तारेला आणि डुक्कर नाक लावते तेही तिथेच. त्यात पावसाळ्यात ढगांमुळे सौर पॅनेलकडून बॅटरी नीट भरत नाही. म्हणजे गवत सर्वाधिक वाढते तेव्हाच यंत्र सर्वांत अशक्त असते. ‘झटका चालू आहे तरी डुक्कर आत आले’ या तक्रारीचे मूळ बरेचदा यंत्रात नव्हे, तर तारेखालच्या गवतात असते.

दुसरे कारण आगीचे. हाच पट्टा माघ-फाल्गुनात वाळतो आणि शेजारच्या रानातला वणवा बागेत शिरायला वाट मिळते.

तारेजवळ पाते का नको?

बहुतेक ब्रश कटरचे पाते वरून पाहिले तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. पात्याची वर्तुळाकार तबकडी म्हणजे घड्याळ आणि चालवणारा सहाच्या आकड्यापाशी उभा, असे समजले तर 12 ते 3 हा पुढचा उजवा चतकोर सर्वांत धोक्याचा. तो भाग खांबाला, चिऱ्याला किंवा ताणलेल्या तारेला लागला की यंत्र एकदम झटका मारून उजवीकडे फेकले जाते. काटेरी तार असेल तर ती पात्यात गुंडाळली जाऊ शकते किंवा तिचा तुकडा तुटून उडतो. त्यामुळेच चालवणाऱ्यापासून 15 मीटरच्या आत कुणीही असू नये, ही सूचना यंत्रांच्या पुस्तिकांत हमखास असते. प्रत्यक्षात गवत गोळा करणारी बाई दोन पावलांवर वाकलेली असते, हे चित्र मात्र नेहमीचे.

त्यामुळे कुंपणाजवळ नायलॉनची दोरी हवी. कोकणात जिला तंगूस म्हणतात, त्याच जातीची. या कल्पनेचा जन्मही गमतीचा आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ह्युस्टनमध्ये जॉर्ज बॅलस यांना गाडी धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश पाहून ती सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची दोरी लावून पहिला प्रयोग केला. दोरी तारेला लागली तर तिचे टोक झिजते, तार तुटत नाही. अपवाद झटका कुंपणाच्या दोरीवजा तारेचा. प्लास्टिकच्या धाग्यांत बारीक धातूच्या तारा विणलेली ही दोरी नायलॉनच्या फटक्याने उसवते. कुंपणाशेजारची कोवळी कलमेही जपायला हवीत. बुंध्याची साल सगळीकडून सोलली गेली तर ते कलम वाचत नाही.

दोरी नाजूक, मग दमदार इंजिन कशाला?

बहुतेकांची गफलत इथेच होते. पाते जड, म्हणून त्याला मोठे इंजिन हवे आणि दोरी हलकी, म्हणून तिला लहान चालेल, असा हिशोब मांडला जातो. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. पाते धारेने आणि स्वतःच्या वजनाने कापते. दोरीला धार नाही, वजन नाही. ती कापते केवळ वेगाने. 42 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर दोरीच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 475 किलोमीटर येतो. एवढ्या वेगात इंजिनाच्या ताकदीचा मोठा वाटा गवतावर नव्हे, तर हवा कापण्यातच जातो.

दोरी जाड केली की हवेचा विरोध त्या प्रमाणात वाढतो. लांब केली तर फारच वाढतो. केंद्रापासून दोरीची लांबी 20 टक्क्यांनी वाढली तर तेवढेच फेरे टिकवायला हवेविरुद्ध जवळपास दुप्पट ताकद लागते. आता नेहमीचा प्रकार आठवावा. ‘अडथळा होतो’ म्हणून पात्यावरचा प्लास्टिकचा गार्ड काढून टाकला जातो. त्या गार्डलाच दोरी मापात कापणारी छोटी सुरी असते. गार्ड गेला की सुरी गेली, दोरी हवी तेवढी लांब फिरू लागली, इंजिनाचे फेरे पडले, क्लच घसरून तापू लागला. मग ‘दोरीने काही कापत नाही’ म्हणून पुन्हा पाते. पायावर खडे बसतात ते वेगळेच.

2.4 मिलिमीटरची दोरी कोवळ्या गवतापुरती. कुंपणातल्या जून गवताला 2.7 ते 3 मिलिमीटर लागते आणि ती फिरवायला साधारण 30 सीसी किंवा त्याहून मोठे, चांगल्या बांधणीचे इंजिन.

पण सीसीचा आकडा पुरेसा नाही?

नाही. सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान; ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. उदाहरणार्थ, श्टील कंपनीचे ‘एफएस 120’ हे दोन-स्ट्रोक यंत्र 30.8 सीसीचे असून ताकद 1.3 किलोवॅट आहे. होंडाचे चार-स्ट्रोक ‘जीएक्स 35’ इंजिन 35.8 सीसीचे, पण ताकद 1 किलोवॅट. सीसी जास्त, ताकद कमी. याचा अर्थ दुसरे वाईट असा नाही. चार-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही, इंधनही कमी लागते. मात्र ऑइल वेगळे भरावे लागते आणि या इंजिनात ते मावते जेमतेम 100 मिलिलिटर. ते पाहायला विसरले की इंजिन जाम. मजूर बदलत असतील, तर ही आठवण ठेवणार कोण, हे आधी ठरवावे.

दोन-स्ट्रोक यंत्राला वजनाच्या मानाने ताकद जास्त. मिश्रणाचे प्रमाण मात्र यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच हवे. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 1:25 म्हणजे 40. अंदाजाने झाकणभर ओतणे आणि मोटारसायकलमधून काढलेले जुने ऑइल वापरणे, ही इंजिन लवकर संपवण्याची खात्रीची रीत आहे. शिवाय सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. मोसम संपला की टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोलही इंजिन बंद पडेपर्यंत चालवून संपवावे. ‘गेल्या वर्षी चांगले चालत होते’ असे सांगत दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांचा घोळ बहुधा इथे असतो.

स्वस्तात मिळणाऱ्या ‘52 सीसी’च्या यंत्रांबाबतही हाच निकष लावावा. किलोवॅट आणि फेऱ्यांचा आकडा पाटीवर छापलेला नसेल, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळत नसतील, तर स्वस्ताई पहिल्या मोसमापुरतीच ठरते.

खांद्याचे की पाठीचे?

सपाट जागेवर सायकलच्या हँडलसारखी मूठ सोयीची, पण कुंपणाकडेला ती खांबांना अडते. तिथे गोल कडीची मूठ आणि सरळ दांडा बरा. तीव्र उताराच्या बागेत पाठीवरचे यंत्र कामाला येते. त्याच्या लवचीक नळीतल्या केबलला वेळोवेळी ग्रीस लागते आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. बॅटरीवरची यंत्रे घराच्या परसाला ठीक; मोठ्या बागेच्या कुंपणाला दिवसभर पुरायचे तर जादा बॅटऱ्यांचा खर्च धरावा लागतो.

सुरुवात कशी करावी?

आधी झटका यंत्र बंद करून बॅटरीची जोडणी काढावी आणि तसे घरच्यांना सांगावे, कारण कुणीतरी ‘बंद दिसतेय’ म्हणून ते पुन्हा सुरू करते. शेजाऱ्याने कुंपणात थेट वीज सोडली असल्याची शंका असेल, तर तिथे यंत्र नेऊच नये. असे कुंपण बेकायदा आणि जीवघेणे असते. मग कुंपणाच्या कडेने एकदा चालत जाऊन तुटक्या तारा, बाटल्या, सुटे चिरे उचलावेत. गमबूट यासाठीही हवेत, की फुरसे आणि घोणस याच गवतात असतात.

कापणी दोन टप्प्यांत सोपी जाते. तारेपासून हातभर अंतर राखून बाहेरचा पट्टा पात्याने घ्यावा आणि उरलेला तारेलगतचा नायलॉनने. बोटाएवढ्या जाड झालेल्या रानमोडी-घाणेरीला नायलॉन पुरत नाही, तिथे कोयताच. वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांना तर यंत्र लावूच नये, तिची कुसे हवेत उडून अंगभर बसतात. देशावर शेर किंवा थोराचे जिवंत कुंपण असते, त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. साधा गॉगल पुरत नाही, चेहरा झाकणारी जाळी किंवा काच हवी आणि तिच्या आत चष्मा. नायलॉनची दोरी जुनी, कोरडी असेल तर आदल्या दिवशी पाण्यात भिजत ठेवावी. ती लवचीक होते आणि कमी तुटते.

अनुदान घ्यायचे असल्यास महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाच्या घटकात अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्राचे बिल केले तर ते अनुदानात बसत नाही. आणि दुकानात यंत्र चालवून दाखवताना विक्रेता बहुधा पाते लावूनच दाखवतो. त्याला नायलॉनचे हेड लावायला सांगावे, पूर्ण फेऱ्यांवर उंच गवतात घालायला लावावे आणि इंजिनाचा आवाज बसतो का, ते ऐकावे.