'सावत्र' या शब्दाचे घर : एक विनोदी कुटुंबमालिका आणि मराठी नातेकल्पना

'ड्रेक अँड जॉश' ही अमेरिकन विनोदी कुटुंबमालिका निकलोडियन वाहिनीवर २००४ ते २००७ या काळात चार पर्वांतून प्रसारित झाली. तिचे कथासूत्र एका वाक्यात मावते. एका मुलाची आई दुसऱ्या मुलाच्या वडिलांशी विवाह करते आणि स्वभावाने परस्परविरुद्ध असलेले हे दोन किशोर एका घरात, एका खोलीत राहू लागतात. ड्रेक हा गिटार वाजविणारा, लोकप्रिय आणि बेफिकीर. जॉश अभ्यासू, भाबडा आणि नियमांना जपणारा. त्यांच्यात मेगन ही ड्रेकची सख्खी धाकटी बहीण आहे.

आता इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर येथील एखाद्या विद्यार्थ्याने हे कथासूत्र मराठीत लिहावयास घेतले, तर तो पहिल्याच वाक्यात 'सावत्र भाऊ' असे लिहील. शब्दकोशाच्या दृष्टीने त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. मात्र ते वाक्य वाचताच मराठी वाचकाच्या मनात ज्या कथेची अपेक्षा निर्माण होईल, ती विनोदी कथेची नसेल. तो वाटणीची, मत्सराची, एखाद्या कैकेयीची वाट पाहू लागेल. एकाच नात्याचे नाव एका भाषेत विनोदाला वाव देते आणि दुसऱ्या भाषेत शोकात्म कथेची चाहूल देते, हे कसे घडते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ

मराठीतील 'सावत्र' या शब्दाचे नाते संस्कृत 'सापत्न' या शब्दाशी आहे आणि 'सापत्न' हा 'सपत्नी' म्हणजे सवत या शब्दापासून सिद्ध होतो. संस्कृतात 'सपत्न' या शब्दाचा अर्थच शत्रू असा आहे. म्हणजे दोन मुलांमधील या नात्याचे नाव त्या मुलांवरून पडलेले नाही. ते त्यांच्या मातांमधील वैरावरून पडले आहे. मुले जन्माला येण्यापूर्वीच त्यांच्यातील संबंधाचा स्वभाव भाषेने ठरवून टाकला आहे. पक्षपाती वागणुकीस आजही वृत्तपत्रे आणि राजकीय भाषणे 'सापत्नभाव' म्हणतात, तेव्हा हेच मूळ बोलत असते.

इंग्रजीतील 'स्टेप' या उपपदाचे मूळ अगदी निराळे आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा संबंध वियोगाशी, पोरकेपणाशी होता. 'स्टेपचाइल्ड' या शब्दाच्या जुन्या रूपाचा अर्थ पोरके मूल असा होई. एका भाषेने या नात्याकडे पोरकेपणाच्या बाजूने पाहिले, तर दुसरीने सवतीच्या. यावरून इंग्रजी भाषक समाज या मुलांशी अधिक ममतेने वागला असे मुळीच सिद्ध होत नाही. युरोपातील लोककथा दुष्ट सावत्र आयांनी भरलेल्या आहेत. परंतु शब्दाने कथेला दिलेले आरंभस्थान भिन्न आहे, एवढे निश्चित.

याहून महत्त्वाचा मुद्दा वर्गीकरणाचा आहे. चुलत, मामे, मावस, आते असे सूक्ष्म भेद करणारी मराठी भाषा 'सावत्र' या एकाच शब्दात दोन भिन्न नाती कोंबते. एकाच पित्याची पण दोन मातांची मुले हे पहिले नाते. त्यांच्यात अर्धे रक्त समान असते. ज्यांचे मातापिता दोन्ही वेगळे, पण आईबापांच्या पुनर्विवाहामुळे जी एका घरात आली अशी मुले हे दुसरे नाते. त्यांच्यात रक्ताचा संबंध मुळीच नसतो. ड्रेक आणि जॉश हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या घरात सवत नाही. मराठी शब्द मात्र सवतीशिवाय उभा राहू शकत नाही.

गादी आणि मांडी

परंपरेने हे नाते कोठे पाहिले, हे ध्यानात घेतले की ही अडचण अधिक स्पष्ट होते. ध्रुवाच्या आख्यानात सुरुचीचा उत्तम पित्याच्या मांडीवर बसलेला असतो आणि सुनीतीच्या ध्रुवाला तेथे जागा मिळत नाही. रामकथेत मांडीच्या जागी सिंहासन येते आणि भरत त्या सिंहासनावर पादुका ठेवून सापत्नभावाला उत्तर देतो. महाभारताच्या वनपर्वात यक्ष एकाच भावाला जिवंत करावयास तयार होतो, तेव्हा युधिष्ठिर भीम किंवा अर्जुन यांची निवड न करता माद्रीपुत्र नकुलाची निवड करतो. कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा, ही त्यामागील भूमिका. म्हणजे परंपरेत या नात्याची केवळ निंदा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिने या नात्यातून औदार्याचे अत्युच्च आदर्शही घडविले. मात्र वैर असो वा औदार्य, दोन्हींची कसोटी राज्य आणि प्राण यांवरच लागते. रोजच्या सहवासावर ती कधी लागत नाही.

इतिहासातही हेच आढळते, आणि त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण लोणी देवकरच्या परिसराशीच निगडित आहे. पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६६४ साली शहाजीराजांचे निधन झाले. त्यांची कर्नाटकातील मिळकत तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिली आणि महाराष्ट्रातील जहागीर जिजाबाईंचे पुत्र शिवाजीराजे यांच्याकडे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली. शिवाजीराजांनी पित्याच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला आणि व्यंकोजीराजे रात्रीच तेथून निघून गेले. पुढे लढाई झाली, समेटही झाला. नंतर व्यंकोजीराजे उदास होऊन कारभारातून मन काढू लागल्याचे कळताच थोरल्या भावाने त्यांना खेद टाकून पराक्रम करण्याचा उपदेश करणारे पत्र धाडले. या पत्रव्यवहारात अधिकार आहे, रोष आहे आणि निर्विवाद माया आहे. तरी दोघांच्या मध्ये सतत उभी आहे ती पित्याची दौलत.

'भाऊबंदकी' हा शब्द मराठीने भावांच्या नात्यावरूनच घडविला आणि कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली पेशवाईतील कलहावरील आपल्या नाटकाला तेच नाव दिले. शेतीच्या मुलखात या शब्दाला आजही धार आहे. उजनीच्या जलाशयामुळे भीमाकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि काठावरची जमीन बागायती झाली. जेथे जमिनीचे मोल असे वाढते, तेथे 'भाऊ' या शब्दाशेजारी 'सातबारा' हा शब्द आपोआप येऊन बसतो. अशा भाषिक वातावरणात 'सावत्र' या विशेषणाला हसू फुटणे सोपे नाही.

आईचा हात धरून आलेले मूल

रक्ताचा संबंध नसलेले सावत्र भाऊ घडण्यासाठी एक घटना अपरिहार्य असते. पहिल्या घरचे मूल बरोबर घेऊन स्त्रीने दुसऱ्या घरात प्रवेश केला पाहिजे. हीच घटना समाजाने आणि कायद्याने दीर्घकाळ अवघड करून ठेवली. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेच्या विवाहाला मान्यता दिली. परंतु पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपुष्टात आणला आणि तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमून घेण्याकरिता पतीच्या नातलगांना न्यायालयात जाण्याची वाटही ठेवली. ज्या जातींमध्ये पाट किंवा मोहतूर रूढ होता, तेथेही मूल बापाच्या भावकीचे मानले जाई. स्त्री दुसऱ्या घरी गेली तरी तिने एकटीने जावे, अशीच अपेक्षा होती. हा कायदा १९८३ साली रद्द झाला.

सुधारकांच्या घरातील चित्रही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. राधाबाईंचे पुत्र रघुनाथ आणि गोदूबाईंचे पुत्र शंकर, दिनकर व भास्कर हे सावत्र भाऊ होत. गोदूबाई या बालविधवा होत्या, त्यांना पहिल्या घरचे मूल नव्हते. त्यामुळे एवढ्या क्रांतिकारक विवाहातूनही निर्माण झालेले भावांचे नाते जुन्याच व्याख्येत, म्हणजे समान पित्याच्या व्याख्येत, बसणारे होते.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही हाच साचा कायम ठेवला. त्यात सख्खे, समान पित्याचे आणि समान मातेचे अशी रक्ताची तीन नाती सांगितली आहेत. रक्तसंबंध नसलेल्या सावत्र भावासाठी त्यात स्थान नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने लछमन सिंग खटल्यात, हिंदू स्त्रीच्या वारसांसंबंधीच्या तरतुदीतील 'पुत्र' या शब्दात सावत्र पुत्र येत नाही, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने ड्रेक आणि जॉश हे एकमेकांचे कोणीच नव्हेत. विनोदाच्या दृष्टीने मात्र ही मोठीच सोय आहे. ज्यांच्यात वाटून घ्यावयाची मिळकत नाही, त्यांच्यात वाटून घ्यावयाची खोली उरते.

विजोड जोडीची मराठी परंपरा

विजोड जोडीचा विनोद मराठीला नवा नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण. एक किडकिडीत, भित्रा, कारकुनी वृत्तीचा. दुसरा धिप्पाड, सोटा बाळगणारा आणि धसमुसळा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी पोहोचविली. स्वभावविरोध, एका छताखालचा वावर आणि तरीही न तुटणारा जिव्हाळा, ही 'ड्रेक अँड जॉश'ची सारी सामग्री तेथे आहे. पण हे दोघे नात्याने भाऊ असले तरी सावत्र नाहीत. त्यामुळे लेखकाला त्यांच्या मातांचा हिशेब द्यावा लागत नाही.

दोन मोडलेली घरे जोडून एक घर करण्याचा विषय बासू चटर्जी यांनी 'खट्टा मीठा' या १९७८च्या हिंदी चित्रपटात हाताळला. चार मुलांचा विधुर बाप आणि तीन मुलांची विधवा आई यांचा हा विवाह. ही कथा मुंबईतील पारशी कुटुंबात घडते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वारसाहक्काचे ओझे तेथे आपोआप बाजूला पडते आणि भांडण जागेवर, स्नानगृहावर, जेवणावर येऊन ठेपते. विषयाचे हे स्थलांतर दिग्दर्शकाने कोणत्या हेतूने केले हे सांगता येत नसले, तरी त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

सावत्र भावंडांची सर्वांत प्रसिद्ध भारतीय विनोदी मालिका मात्र 'हम पाँच' हीच म्हणावी लागेल. १९९५ साली झी वाहिनीवर सुरू झालेल्या या हिंदी मालिकेत पाच मुलींच्या पित्याची भूमिका अशोक सराफ यांनी केली आणि दिवंगत पहिल्या पत्नीची भूमिका प्रिया तेंडुलकर यांनी. पाच बहिणींच्या आया दोन. पहिली पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून पतीशी बोलते, टोमणे मारते, सल्ला देते. येथे सवतीची कल्पना नाहीशी झालेली नाही. ती चौकटीत बसविली आहे. सवत मृत आहे, म्हणून ती निरुपद्रवी आहे. ती बोलते आहे, म्हणून कथा 'सावत्र' या शब्दाशी प्रामाणिक राहते. विशेष असे की पाच बहिणी आपसांत सख्खेपणा आणि सावत्रपणा यांचे गट पाडून वागत नाहीत. त्यांच्या खोड्यांचे लक्ष्य एकच, त्यांचा बाप.

दार नसलेले घर

'ड्रेक अँड जॉश'मध्येही याच्याशी मिळतीजुळती युक्ती आढळते. मेगन ही ड्रेकची सख्खी बहीण. जॉशशी तिचे रक्ताचे नाते नाही. परंपरेच्या न्यायाने तिने ड्रेकचा पक्ष घ्यावयास हवा. ती मात्र दोघांचाही सारखाच छळ करते. तिच्या खोड्यांपुढे सख्खा आणि सावत्र हा भेद टिकत नाही. आणि ज्या दोघांना एकच जाच सोसावा लागतो, ते हळूहळू भाऊ होतात. आईबापांना मात्र मेगन निष्पाप वाटते. त्यामुळे दोघा मुलांना एकमेकांखेरीज साक्षीदार उरत नाही.

मालिकेतील एका भागात हे दोघे मेगनचे झाडावरचे मोडलेले घर पुन्हा बांधून देतात. भिंती उभ्या राहतात, छप्पर चढते आणि मग ध्यानात येते की दाराची जागा कापावयाची राहिली आहे. दोघे आत अडकतात. एकमेकांना दोष देणे, रुसणे, पुन्हा बोलणे, हा पुढचा सारा विनोद त्या बंद जागेतून निर्माण होतो. मालिकेच्या आशयाचे सार या प्रसंगात सापडते. या मुलांनी हे घर निवडलेले नाही, त्यातून बाहेर पडण्याची वाटही त्यांना नाही. जे करावयाचे ते आत राहूनच. ध्रुवाला मांडी सोडून वनाची वाट धरता आली. या दोघांना ती सोय नाही, म्हणून त्यांना जुळवून घेणे भाग पडते.

समारोप

वरील विवेचनावरून मराठीत अशी मालिका होऊ शकत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चिमणराव-गुंड्याभाऊंची विजोडता, युधिष्ठिराची समदृष्टी आणि 'हम पाँच'मधील बहिणींची एकजूट ही सामग्री उपलब्ध आहे. अडसर आहे तो नात्याच्या नावाचा. ते नाव मुलांना त्यांच्या आयांच्या भांडणात उभे करते, मग त्या आया एकमेकींना कधी भेटलेल्या असोत वा नसोत.

हा प्रश्न केवळ भाषांतरकाराचा नाही. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा हात धरून नव्या घरी आलेला मुलगा आज लोणी देवकरच्या शाळेतही असू शकतो आणि पुण्याच्या सदनिकेतही. त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलाला तो काय म्हणणार? लोक 'सावत्र' म्हणतील आणि त्या शब्दाबरोबर एका अनुपस्थित सवतीचा मत्सर आणि एका अनुपस्थित मिळकतीचा तंटा त्या दोघांच्या माथी येईल. मराठी बोलण्यात मात्र एक सुंदर सवय आहे. नाते सांगताना आपण चुलत, मावस, सावत्र ही विशेषणे वापरतो. हाक मारताना ती गळून पडतात आणि 'दादा' एवढेच उरते. ते कथासूत्र लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याला अचूक प्रतिशब्द कोशात सापडणार नाही. तो त्याला त्या हाकेत सापडण्याचा संभव अधिक आहे.