जुन्या विमानाला नवी मोटर

माळ्यावरच्या खोक्यातून बाबांचे जुने रिमोटचे विमान बाहेर निघते आणि घरात एकच गडबड उडते. बाल्सा लाकडाचे पंख शाबूत, शेपूट शाबूत. पण बॅटरी जोडून थ्रॉटल पुढे सरकवला, की मोटर नुसती गुरगुरते, जळका वास सोडते आणि गप्प बसते. ‘बाबा, मोटर बदलू या ना!’ मुलाचा हट्ट सुरू होतो. चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. वरवर पाहता काम एवढेच. प्रत्यक्षात मात्र मोटरीच्या मागोमाग निम्मे विमान बदलावे लागते. हे ध्यानात न आल्याने कित्येक विमाने पहिल्याच उड्डाणात मातीला मिळतात.

विजेवरच्या विमानांची हौस तशी जुनीच. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेच्या मोटरीवर उडवले. रेडिओ-नियंत्रित विमानाचे अशा प्रकारचे ते पहिले नोंदलेले उड्डाण मानले जाते. पण बॅटऱ्या जड आणि मोटरी दुबळ्या, त्यामुळे पुढे बरीच वर्षे मैदान गाजवले ते मिथेनॉलवर चालणाऱ्या चिमुकल्या इंजिनांनी. १९९० च्या दशकात ‘स्पीड ४००’ नावाची स्वस्त मोटर लोकप्रिय झाली आणि विजेची विमाने सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. माळ्यावरच्या विमानात बहुधा तीच असते.

या मोटरीत कार्बनचे दोन ब्रश फिरत्या भागावर सतत घासतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात आणि बॅटरीतल्या विजेचा मोठा हिस्सा निव्वळ उष्णतेत जातो. नव्या ब्रशलेस मोटरीत ब्रशच नाहीत. तारांची वेटोळी आत स्थिर, आणि चुंबक बसवलेला बाहेरचा डबाच फिरतो. कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची हे काम स्पीड कंट्रोलर करतो. म्हणूनच जुना दोन तारांचा कंट्रोलर इथे निरुपयोगी. तीन तारांचा नवा घ्यावाच लागतो. पंखा उलटा फिरला तर घाबरायचे कारण नाही. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की तो सुलटा फिरतो.

मोटरीवर ‘केव्ही’ नावाचा एक आकडा असतो आणि त्यावरून फार घोटाळे होतात. आकडा मोठा म्हणजे मोटर दणकट, असा समज. पण केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटात किती फेरे, एवढेच. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर भाराशिवाय ११,१०० फेरे घेईल. मोठा आकडा असेल तर पंखा लहान हवा, लहान असेल तर मोठा चालतो. इथे हौस नडते. आठ इंची पंख्याच्या जागी नऊ इंची बसवला आणि फेरे तेवढेच ठेवायचे म्हटले, तर दीडपटीहून अधिक शक्ती लागते. तेवढा विजेचा प्रवाह मोटर किंवा कंट्रोलर सोसत नाही आणि धूर निघतो. वॅटमीटर लावून प्रवाह मोजणे हाच यावरचा खात्रीचा उपाय. शिवाय मोठा पंखा जमिनीला टेकणार नाही ना, हे विमान टेबलावर ठेवून आधीच पाहावे.

नव्या बॅटऱ्या हलक्या, ही खरे तर चैनच. पण नाकातले वजन कमी झाले, की शेपूट जड होते आणि असे विमान सुटताक्षणी नाक वर करून कोसळते. बॅटरी पुढे सरकवून पंखाखाली दोन बोटे धरून तोल साधावा. नकाशात दाखवलेल्या जागीच तो यायला हवा. जुन्या कारागिराने मोटर किंचित उजवीकडे व खाली कललेली बसवली असेल, तर ती वाकडी आहे असे समजून ‘सरळ’ करू नये. तो कल मुद्दाम दिलेला असतो.

घरच्यांनी खरी काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. लिथियम-पॉलिमर बॅटरी जुन्या निकेल-कॅडमियमच्या चार्जरवर कधीही लावू नये, रात्रभर चार्जिंगला ठेवू नये, फुगलेली तर वापरूच नये. ती पेट घेते. दुसरी गोष्ट पंख्याची. हा पंखा खेळण्यातला नव्हे, तो बोट कापू शकतो. टेबलावर मोटर तपासताना पंखा काढूनच ठेवावा.

मग मोकळे मैदान, पहाटेचा पडलेला वारा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्या भागात उडवायला मनाई नाही ना, हे नकाशात आधी पाहिलेले बरे. पहिले उड्डाण दोन-तीन मिनिटांचेच. विमान उतरले, की बॅटरी काढावी आणि मोटरीला हलकेच बोट लावावे. चटका बसला, तर पुढच्या खेपेला पंखा एक इंच लहान.