पारलिंगी स्त्रिया आणि एचआयव्ही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या, परंतु स्वतःची ओळख स्त्री म्हणून जाणणाऱ्या व्यक्तींना पारलिंगी स्त्रिया म्हणतात. हिजडा घराण्यांत गुरू-चेला परंपरेने राहणाऱ्या अनेक जणी त्यांत येतात, तशाच त्या परंपरेबाहेर राहून नोकरी-व्यवसाय करणाऱ्याही येतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजेच नॅकोच्या, २०२१ च्या सर्वेक्षणात या समूहातील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ३.८ टक्के आढळले, तर देशातील प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के आहे. या तफावतीचे जे अर्थ सर्रास लावले जातात, त्यांतील बरेचसे चुकीचे आहेत आणि ते प्रतिबंधाच्या कामातच अडथळा आणतात.

गैरसमज १ : पारलिंगी असणे हेच एचआयव्हीचे कारण आहे.

वस्तुस्थिती : विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, सामायिक सुया आणि मातेकडून बाळाला होणारा संसर्ग या मार्गांनीच पसरतो, लिंगओळखीशी त्याचा संबंध नाही. गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला धोका अधिक असतो, कारण गुदाशयाचे अस्तर नाजूक असते. म्हणून कंडोमसोबत पाण्यावर आधारित वंगण वापरणे आवश्यक ठरते, तेलकट पदार्थांनी लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. परंतु या जैविक कारणाइतकेच सामाजिक कारणही बळकट आहे. घर तुटते, शाळा सुटते, काम कोणी देत नाही, आणि मग मंगती किंवा देहविक्रय एवढेच मार्ग उरतात. तिथे कंडोमला नकार देणाऱ्या गिऱ्हाईकापुढे, पोटाची निकड आणि मारहाणीची भीती असताना, ठाम राहणे अवघड होते.

गैरसमज २ : या स्त्रिया आरोग्याबाबत बेफिकीर असतात, म्हणून दवाखान्यात जात नाहीत.

वस्तुस्थिती : दवाखान्याची वाट अडते ती बहुधा केसपेपरच्या खिडकीवरच. कागदपत्रांवरचे जुने पुरुषी नाव भरगर्दीत पुकारले जाते, रांग पुरुषांची की स्त्रियांची यावर वाद होतो, दाखल व्हायचे तर कोणत्या वॉर्डात हा प्रश्न उभा राहतो, आणि तपासणीपेक्षा कुतूहलाचे प्रश्नच अधिक विचारले जातात. असा अनुभव एकदा आला की दुखणे अंगावर काढले जाते किंवा परस्पर औषधे घेतली जातात. स्त्रीत्वाची लक्षणे यावीत म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मनानेच घेण्याचा प्रकार यातूनच वाढतो. याउलट, नॅकोच्या लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पांत समूहातलीच प्रशिक्षित कार्यकर्ती वस्तीत जाऊन माहिती व कंडोम देते आणि चाचणीसाठी सोबत जाते. हैदराबादमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या व पुढे कल्याण आणि पुणे येथेही निघालेल्या ‘मित्र’ क्लिनिकमध्ये सेवा देणाऱ्यांतच पारलिंगी व्यक्ती होत्या आणि एचआयव्ही चाचणीबरोबर हार्मोनविषयक सल्ला व मानसिक आधार एकाच छताखाली मिळत होता. परदेशी निधी थांबल्याने २०२५ च्या आरंभी ही केंद्रे बंद पडली, हे ध्यानात घेतले म्हणजे बेफिकिरी नेमकी कुठे आहे, हे उमगते.

गैरसमज ३ : हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांवर प्रतिबंधक गोळ्यांचा परिणाम होत नाही, किंवा त्या गोळ्यांनी हार्मोन निकामी होतात.

वस्तुस्थिती : एचआयव्हीची बाधा नसलेल्या व्यक्तीने संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यावयाच्या औषधाला ‘प्रेप’ म्हणतात. २०१० मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘आयप्रेक्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतील ३३९ पारलिंगी स्त्रियांचा गट स्वतंत्रपणे पाहता संरक्षण दिसले नाही. मात्र रक्ततपासणीवरून उलगडा झाला की अनेकींनी गोळ्या नियमित घेतल्याच नव्हत्या, आणि आठवड्यातून किमान चार गोळ्यांइतके औषध ज्यांच्या रक्तात आढळले, त्यांच्यापैकी कोणालाही संसर्ग झाला नव्हता. थायलंडमधील पुढील अभ्यासात प्रेपमुळे हार्मोनची पातळी घटत नसल्याचे दिसले. हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांनी मात्र फक्त संबंधांच्या वेळेपुरती नव्हे, तर रोज गोळी घ्यावी. धोका घडून गेल्यावर घ्यावयाचे ‘पेप’ हे औषध वेगळे असते. ते शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते.

गैरसमज ४ : एकदा चाचणी ‘निगेटिव्ह’ आली की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : संसर्गानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही, या अवधीला ‘विंडो पीरियड’ म्हणतात आणि तो तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. म्हणून धोका सुरू असेल तर दर सहा महिन्यांनी चाचणी करावी. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती मोफत होते आणि १०९७ या क्रमांकावर माहितीही मिळते.

गैरसमज ५ : निदान झाले म्हणजे आयुष्य संपले, आणि गोष्ट चारचौघांत फुटणारच.

वस्तुस्थिती : विषाणूची वाढ रोखणारे एआरटी उपचार सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ते नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके घटते आणि तसे टिकले तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. युरोपातील सुमारे ७८० पुरुष जोडप्यांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा एकही संसर्ग आढळला नाही. गोपनीयतेबाबत सांगायचे, तर १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, मोजके अपवाद वगळता, संमतीशिवाय कोणाचीही स्थिती उघड करण्यास आणि उपचार, नोकरी वा निवारा यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा मानला आणि पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याने त्यांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी शासनावर टाकली. कंडोम, प्रेप, चाचणी आणि एआरटी ही साधने परिणामकारक आहेत, हे सिद्ध झालेच आहे. आता केसपेपर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला पारलिंगी रुग्णाशी सन्मानाने वागण्याचे प्रशिक्षण देणे आणि समूहाने चालवलेल्या केंद्रांना देशातूनच कायमचा निधी देणे, ही प्रतिबंधाची पहिली पायरी मानली पाहिजे.